आतल्या गॅसवर शिजलेली कोंबडी

मी जन्मात कोंबडी खाल्लेली नाही, आणि आता या वयात खाणारही नाही. तरी टोमॅटो-लसणातली इटालियन कोंबडी माझ्या हातची अशी होते म्हणे, की खाणारा ताट पुसून खातो. चव कशी असते ते मला विचारू नका बाप्पा, मी चाखलेलीच नाही. शिकले कशी, ते मात्र सांगते.

माझं माहेर वर्ध्याकडचं, माळकरी. घरात अंडंसुद्धा येत नसे. लग्न होऊन गेले ती नागपूरच्या खाणाऱ्या घरात. पण मी सून म्हणून उंबरठा ओलांडायच्या थोडं आधीच सासूबाईंनी माळ घातली होती. माळ घातल्याबरोबर त्यांनी फर्मान काढलं: कोंबडी-बकरं जे काय शिजवायचं ते मागच्या अंगणात, वेगळ्या शेगडीवर, वेगळ्या भांड्यांत, आणि ज्याला खायचं त्यानंच शिजवायचं. आमचे हे त्यांचे एकुलते एक, आणि जिभेचे पक्के गुलाम. आईचं मन मोडवेना आणि रविवारही सुटेना. मग काय करतात, बसले अंगणात आणि शिकले शिजवायला.

जुनं राज्य फोडून नवं राज्य झालं तेव्हा हे भोपाळला सरकारी नोकरीत होते. फायली वाटल्या, टेबलं वाटली, तशी माणसंही वाटली गेली आणि आमच्या वाट्याला रायपूर आलं. राजधानी राजधानी म्हणून मी मोठी नटूनथटून आले, तर सदर बाजारात पाय ठेवायला जागा नाही आणि अंगावरून स्कूटरी जाऊन राहिल्या. हे म्हणाले, "थांब, मोठं होऊन राहिलं हे गाव, तुझ्यासाठी का एका दिवसात होईल?" जुन्या पाऱ्यात, म्हणजे जुन्या वस्तीत, एक घर मिळालं. घर बेताचंच, पण मागं अंगण, अंगणात नळ आणि मुनग्याचं, म्हणजे शेवग्याचं, झाड. बघायला गेलो तर हे खोल्यांत डोकावलेसुद्धा नाहीत, सरळ अंगणात.

मी म्हटलं, "अवो, राहायचं घरात हाये का अंगणात?"

म्हणाले, "रविवारी अंगणात."

आणि तसंच झालं. रविवारी सकाळी पेपर वाचून झाला की हे पिशवी घेऊन बाहेर पडायचे. आले की नळाखाली कोंबडी धुवायची, हळद-मीठ चोळून झाकून ठेवायची, मग पाट्यावर मसाला. मसाला नागपूरहून यायचा, सावजी, लालभडक. अंगणातल्या पडवीत यांची लोखंडी कढई, यांची ताटं, यांचा पळा, सगळं एका लाकडी खोक्यात. त्या खोक्याला मी कधी हात लावला नाही आणि यांनी लावू दिला नाही.

स्वयंपाकघराची खिडकी अंगणात उघडायची. मी आत पोळ्या लाटायची आणि हे बाहेर कांदा परतायचे, आणि मधे गजांतून आमचं बोलणं चालायचं. आठवडाभर कामाच्या रगाड्यात बोलणं व्हायचं नाही, ते सगळं रविवारी खिडकीतून. साहेब काय म्हणाला, कोणाची बदली झाली, आमच्या पोट्टीचं गणित काहून कच्चं राहिलं. मधेच "कोथिंबीर दे वं" म्हणायचे आणि मी गजांतून जुडी पुढं करायची. बोट बोटाला लागू नये म्हणून हे जुडीचं दुसरं टोक धरायचे. मला हसू यायचं. एरवी सहा दिवस एका घरात राहणारी माणसं आम्ही, आणि रविवारी दुपारी सोवळं!

मग हे मुनग्याखाली पाट टाकून जेवायचे. पोरगी लहान असताना त्यांच्यासोबत बसायची, नाकाडोळ्यांतून पाणी काढत रस्सा ओरपायची आणि नळावर खळखळून चुळा भरून आत यायची. सासूबाई आता आमच्याजवळच राहायच्या; मी त्यांच्यासोबत आत वरण-भात जेवायची. पुढं सासूबाई गेल्या. त्यांचं वर्षश्राद्ध झालं, पोरगी मोठी झाली, तिचं लग्न झालं, पण अंगणातली शेगडी अंगणातच राहिली. तो नियम आता कोणाचा आहे, हे आम्ही दोघांनी कधी एकमेकांना विचारलं नाही.

यांचं ऑफिस नव्या रायपूरला गेलं तेव्हा निवृत्तीला थोडीच वर्षं उरली होती. स्टाफच्या बसनं जायचे आणि आले की कुरकुर करायचे, "रस्ते एवढाले रुंद करून ठेवले, पण चहाची टपरी दिसंल तर शपथ." आता तिथंच आमची पोरगी राहते. नोकरी तिथं, फ्लॅट तिथं. जावई चांगला आहे, एक नातू आहे. तिला आमची मराठी सगळी समजते, पण उत्तर हिंदीतच देते. शाळा इथली, मैत्रिणी इथल्या, करता काय.

तर हे निवृत्त झाल्यावर एका वर्षी दिवाळीनंतर यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. ऑपरेशन नीट झालं. पण घरी आणलं ते माणूस वेगळंच आणलं. तेल बंद, मसाला बंद, तिखट नावाला. मी दुधीची भाजी करायची, मुगाचं वरण करायची, मऊ भात करायची. हे दोन घास घ्यायचे आणि ताट सरकवायचे.

"भूक नाही."

मी सुरुवातीला रागावले. "लहान लेकरू हाये का तुमी? जेवा मुकाट्यानं!" मग लाडीगोडी केली. मग रडलेसुद्धा. कशाचा काही उपयोग नाही. मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत वर जायला लागलं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे हे बोलेनासे झाले. ज्या माणसानं जन्मभर मला सुखानं एक वाक्य पूर्ण करू दिलं नाही, मधेच टोमणा मारल्याशिवाय ज्याचा दिवस गेला नाही, तो भिंतीकडं तोंड करून पडून राहायचा. मी मुद्दाम भांडण काढायची. भांडायचेही नाहीत. मला भीती वाटायला लागली.

तपासणीला नेलं तर डॉक्टर म्हणाले, जखम भरत नाही, अंगात ताकदच नाही, प्रोटीन पाहिजे. असंच चाललं तर पुन्हा भरती करावं लागेल. चिकन खात असतील तर द्या, पण कमी तेलाचं, बिनमसाल्याचं.

परत येताना गाडीत हे एवढंच म्हणाले, "मी पुन्हा तिथं नाही जात. काय व्हायचं ते घरीच होऊ दे." रागानं म्हणाले असते तर मी उलट बोलले असते. पण हे अगदी हळू म्हणाले. घरी आल्यावर मी न्हाणीघरात नळ सोडून रडून घेतलं.

पोरीनं फोनवरून हॉटेलचं चिकन सूप मागवून दिलं. ते येईपर्यंत गार झालं, यांनी वास घेऊन वाटी परत केली. स्वतः येऊन करते म्हणाली, तर तिच्या ऑफिसात कामाची अशी गर्दी की रविवारीही सुट्टी नाही. शेवटी तिनं फोनवर सांगितलं, "आई, तुम बनाओ. मैं वीडियो पे बताती जाऊँगी. इटालियन स्टाइल है, एकदम ईज़ी. तेल भी कम, मिर्ची भी नहीं."

"मी?" मी म्हटलं. "मी कोंबडी शिजवू?"

"तो और कौन है घर में?"

खरंच, दुसरं कोण होतं.

रविवारी दुपार कलल्यावर मी पिशवी घेतली आणि निघाले. कोंबडीच्या दुकानासमोरून मी इतकी वर्षं पदर नाकाला लावून गेलेली. त्या दिवशी समोर जाऊन उभी राहिले तर दुकानदाराचा सुरा हातातच थांबला. "भाभी, आप?" यांना तो चांगला ओळखायचा. तब्येत विचारली. मग म्हणाला, "सावजी बनेगा?"

मी म्हटलं, "नहीं भैया, इटालियन बनेगा. बिना हड्डी का दे दो."

तो माझ्याकडं बघतच राहिला. मी दुसरीकडं तोंड करून उभी राहिले आणि मनातल्या मनात देवाचं नाव घेत राहिले. घरी येईपर्यंत ती पिशवी मी अंगापासून लांब धरली होती. किळस आली, खोटं कशाला सांगू? धुताना त्या गार, बुळबुळीत तुकड्यांना हात लावला तेव्हा अंगावर काटा आला. पण बाळंतिणीचं केलं, आजाऱ्याचं केलं, सासूबाईंचं अंथरुणातलं सगळं केलं, तेव्हा कुठं किळस केली होती? करायचं म्हटलं की हात करतात.

आता शिजवायचं कुठं, हा प्रश्न. यांची शेगडी अंगणात, जमिनीवर. माझे गुडघे असे की एकदा खाली बसले तर उठवायला शेजारी बोलवावे लागतील. मी अंगणाच्या दारात थोडा वेळ उभी राहिले. मग आत वळले आणि पातेलं सरळ आतल्या गॅसवर ठेवलं. देवघर कोपऱ्यातच आहे. देवांपुढचा पडदा ओढला आणि म्हटलं, देवा, थोडा वेळ तिकडं बघ.

पोरगी फोनवर आली. फोन मी डाळीच्या डब्याला टेकवून उभा केला. तिनं बाजूच्या परातीतल्या कोंबडीकडं बघितलं आणि किंचाळली, "आई! ये पीला क्यों है?"

मी बघते तर काय, तुकडे पिवळेधमक. हळद-मीठ कधी चोळून ठेवलं मलाच कळलं नाही. इतकी वर्षं खिडकीतून बघत आले होते ना, धुतली की हळद. हात आपोआप डब्याकडं गेला.

"इटलीत हळद नाही लावत का?" मी विचारलं.

"नहीं लगाते, आई!"

"मग जखमा झाल्यावर काय लावतात थे लोकं?"

ती कपाळाला हात लावून हसायला लागली. म्हणाली, ठीक आहे, चालेल, पुढं चला. ऑलिव्हचं तेल मी न्हाऊ घालायच्या तेलांच्या फळीवरून काढून दाखवलं, नातवाच्या मालिशचं उरलेलं, तर पुन्हा किंचाळली. मग आपलं रोजचंच तेल, एक चमचा. त्यात लसूण. मी मोहरी टाकायला गेले, तिनं अडवलं. जिरं? नाही. हिंग? "आई, कुछ नहीं, बस लहसुन!" फोडणीशिवाय तेलात काही टाकायचं म्हणजे मला पायात चप्पल न घालता रस्त्यावर गेल्यासारखं झालं. मग कोंबडी परतली, वरून टोमॅटो सालं काढून कुस्करून, थोडी सिमला मिरची, मीठ. ते पिझ्झासोबत येणाऱ्या वाळक्या पाल्याच्या पुड्या मी डब्यात साठवून ठेवल्या होत्या, फेकवत नाहीत म्हणून. त्या एकदाच्या कामी आल्या.

शेवटी ती म्हणाली, "अब बेसिल. बेसिल तो होगा नहीं. तुलसी डाल दो दो पत्ते, सेम फैमिली है."

"काय टाकू?"

"तुलसी."

"तुळस? कोंबडीत?" माझा आवाज एवढा चढला की तिनं तिकडं कानांवर हात ठेवले. "अवं माय! नैवेद्यावर ठेवायचं पान मी कोंबडीत टाकू? माझ्या माहेरच्या सात पिढ्यांचे लोक वरून उतरतील खाली! आतल्या गॅसवर शिजवली, देवाला पडद्याआड केलं, आता अजून काय काय करू गं पोट्टी?"

कोथिंबीर टाकली. इटलीवाल्यांना काय म्हणायचं ते म्हणू दे.

पातेल्यावर झाकण ठेवलं आणि मंद आच केली. थोड्या वेळानं वास सुटला. लसणाचा, टोमॅटोचा आणि त्याखाली तो दुसरा, जो मला अंगणातून येतो तेव्हाच माहीत होता. पोरगी म्हणाली, "नमक चख लो."

"मी कशी चाखू?"

हा विचार तिनं केलाच नव्हता. मीही केला नव्हता. बिनचाखलेलं वाढायचं, आणि यांनी एका घासात ताट सरकवलं तर? पुन्हा दवाखाना, पुन्हा त्या नळ्या, आणि यांचं ते "मी जात नाही". हातात पळी धरून मी तशीच उभी राहिले.

एवढ्यात मागून आवाज आला, "काय शिजून राहिलं वं?"

हे भिंत धरत धरत आले होते. अंगावर शाल, केस विस्कटलेले. स्वयंपाकघराच्या दारात उभे. किती दिवसांनी आपणहून अंथरुणातून उठले होते! मी काही बोलायच्या आधी यांनी पातेल्याकडं बघितलं, मग गॅसकडं, मग देवघराच्या पडद्याकडं.

"आत?" यांनी विचारलं. "आतल्या गॅसवर?"

"मग काय करू? गुडघे कुठून आणू अंगणात बसायला?" मी फणकाऱ्यानं म्हटलं, कारण नाहीतर रडू आलं असतं. "घ्या, मीठ सांगा."

पळीतून एक तुकडा बशीत काढून दिला. यांनी तो फुंकला, तोंडात टाकला, डोळे मिटून चावला. फोनमधून पोरगी श्वास रोखून बघत होती.

"ही कोंबडी माझ्याच दवाखान्यात भरती होती का वं?" हे म्हणाले. "काहीच जीव नाही हिच्यात."

माझा चेहरा पडला असेल. पण फोनमधून पोरगी मोठ्यानं हसली, आणि माझ्या लक्षात आलं की यांनी टोमणा मारला. टोमणा मारला! एवढ्या दिवसांनी! मला इतकं बरं वाटलं की मी यांना चार शब्द सुनावले, इटलीचं खाणं आहे, तुमच्यासारख्या खेडवळाला काय कळणार. हे म्हणाले, "मीठ बरोबर हाये. वाढ."

पोरीला कामावरून हाक आली, तिनं फोन ठेवला. मी ताट केलं. आमचंच स्टीलचं ताट, घरातलं, खोक्यातलं नव्हे. ज्वारीची भाकर ठेवली, वर ती कोंबडी. ताट यांच्या हातात दिलं तर हे अंगणाच्या दाराकडं वळायला लागले. बाहेर अंधारून आलेलं, थंडी पडलेली, अंगात धड उभं राहायचं बळ नाही, आणि हा माणूस सवयीनं मुनग्याखाली जेवायला निघालेला.

"अवो, कुठं निघाले?"

हे थांबले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "इथं बसू का?"

"बसा की! मी कधी नाही म्हटलं?"

हे टेबलाशी बसले. मी माझा वरण-भात वाढून घेतला आणि समोर बसले. लग्न झाल्यापासून रविवारचं कोंबडीचं जेवण आम्ही समोरासमोर बसून कधी जेवलो नव्हतो. यांनी भाकरीचा तुकडा मोडला, रश्शात बुडवला. एक घास, दुसरा. मी भात कालवत बघत होते, मोजत नव्हते, पण बघत होते.

मग हे म्हणाले, "मले वाटे तुले वास सहन होत नाही."

"काय?"

"माय गेली, तेव्हा वाटलं होतं, आता आत बसावं. पण तू माळकऱ्याची पोरगी. तुले वास सहन होत नसंल, आन तू तोंडावर म्हननार नाही. म्हनून राहिलो बाहेर."

घास हातात तसाच राहिला.

"आन मले वाटे," मी म्हटलं, "तुमाले तिकडंच आवडते. मोकळं. तुमचं तुमचं. मी आत या म्हणलं तर तुमचा रविवार नासंल."

"एकट्यानं जेवायला कोनाले आवडते वं?"

एवढंच बोलले आणि पुन्हा जेवायला लागले. ती भाकर यांनी संपवली. अर्धी अजून मागितली. मी उठून अर्धी आणली आणि वाढली. यांनी आपणहून मागितली होती.

तो अख्खा हिवाळा दर रविवारी ती कोंबडी आतल्या गॅसवर शिजली. जखम भरली. अंगावर थोडं मांस चढलं, तोंडाला पहिल्यासारखी धार आली. माझी हळद सुटली नाही आणि पोरीनंही नाद सोडला. हे टेबलाशी बसून लसूण सोलून द्यायचे, आणि आमचं बोलणं गजांशिवाय चालायचं. उन्हाळा लागता लागता यांना पुन्हा त्रास झाला, आणि या वेळी खरोखरच दवाखान्यात न जाता यांनी घरीच डोळे मिटले.

आता पोरगी आली की तीच कोंबडी मागते. मी करून देते, ती टेबलाशी बसून खाते, मी समोर बसते. छान वाटतं. पण ती गेली आणि भांडी घासून झाली की माझं मन त्या हिवाळ्याकडं जात नाही, त्याच्याही मागं जातं. ते रविवार काही कमी नव्हते, अख्खं आयुष्य होतं. यांची आठवण येते ती आजारातल्या यांची नाही. धडधाकट, तोंडाला लाल रस्सा लागलेला, पाटावर एकटा बसून माझ्या खिडकीकडं बघत जेवणारा माणूस आठवतो. तो हाकेच्या अंतरावर होता, आणि हाक मारली असती तर आला असता.